भावजींनी वाचलेली काच

आधी हात लिही. तोंड काय, सगळ्यांचंच वयाप्रमाणे बदलतं. पण तुझ्या धाकट्या आजोबांचे हात मी पन्नासएक वर्षं बघतेय, ते कधी माणसाच्या रंगाचे नव्हतेच. मी या घरात सून म्हणून आले त्याच आठवड्यात हा एकोणीस वर्षांचा दीर कामावरून आला तो कोपरापर्यंत हिरवागार. मी दार उघडलं आणि किंचाळलेच. तुझे आजोबा आतून ओरडले, "अगं, घाबरू नकोस, आपला पोपट आला असेल." झालं. त्या दिवसापासून गल्लीभर पोपट. मी आपली भावजीच म्हणत राहिले. नव्या नवरीनं दिराला पोपट कसं म्हणायचं? आणि म्हणण्याइतकी ओळख झाली तोवर जिभेला भावजीची सवय लागली होती.

तुम्ही पोरं हल्ली कुणाची फजिती झाली की 'पोपट झाला' म्हणता, तसलं काही नव्हतं हं तेव्हा. हे पण लिहिलंस? असू दे, खोडू नकोस, कागद घाण दिसतो.

तर भावजी कापड रंगवायच्या कारखान्यात होते. मी डबा पोचवायला जायची तेव्हा आत बघितलंय. वाफेनं समोरचा माणूस दिसत नाही, जमीन सदा ओली, गटारातून आज निळं पाणी तर उद्या पिवळं. पन्नास माणसं राबायची, पण शेड जुळवायचं काम एकट्या भावजींचं. शेड म्हणजे काय, की गिऱ्हाईक कापडाचा एवढासा तुकडा पाठवतं, ह्याच रंगाचं हजार मीटर हवं म्हणून. तो तुकडा म्हणजे नमुना. भावजी टाकीतून कापडाचं टोक काठीनं उचलायचे, चिंधी कापायचे, पिळायचे, वाफेच्या पाइपावर टाकून वाळवायचे, आणि मग खिडकीशी नेऊन नमुन्याला लावून बघायचे. ओलं असताना कुणी विचारलं, "पोपट, आला का रे रंग?" तर ह्यांचं उत्तर ठरलेलं. "वाळू दे, मग बोल." मला सांगायचे, "वहिनी, ओलं कापड खोटारडं असतं. आहे त्यापेक्षा गडद दाखवतं." आणि नमुना हातात नसताना कुणी लॉट पास म्हणालं, तर मालक असला तरी त्याच्या अंगावर जायचे. "आधी नमुना दाखवा, मग तोंड उघडा."

घरात पण तेच. माझं आणि धाकटीचं वाजलं, धाकटी म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ, की हे मधे येऊन उभे. "वाळू द्या, मग बोला." आमचं दोघींचं भांडण राहायचं बाजूला आणि आम्ही दोघी ह्यांच्यावर तुटून पडायचो.

भावजी धाकटीला पहिल्यांदा भेटले तेव्हाची गंमत सांगते. ती बिचारी छान आवरून बसलेली. ह्यांनी काय बोलावं? तिच्या बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "ह्याला मीठ कमी पडलंय." रंगाच्या पाण्यात मीठ घालतात गं, त्यानं रंग धाग्याला धरतो. तिला काय ठाऊक! तिला वाटलं, माणूस जरा हललेला आहे. तरी हो म्हणाली. मी अजून विचारते तिला, काय बघितलंस? म्हणते, "सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हे एकटे कापडाकडे बघत होते. बरं वाटलं."

आता मूळ गोष्टीकडे येते.

त्या कारखान्यातल्या माणसांना रंगीत पाण्याचं कौतुक नव्हतं. नाक शिंकरलं तर निळं, थुंकलं तर पिवळं. लाल लॉट असला की लघवीसुद्धा लालसर होते, असं सगळे मानायचे आणि हसायचे. "आज मरून रंग लावलाय वाटतं," म्हणायचे. खरंच होत होती की नाही देव जाणे. पण त्या मानण्यापायी भावजींनी पाच महिने घालवले. लघवीतून रक्त जात होतं गं, आणि हा माणूस ते रंग समजत होता! तेही कधी? तर कारखान्यात महिनाभर नुसता राखाडी रंग चालू असताना. धाकटीच्या लक्षात आलं. ती माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "जाऊबाई, राखाडी लावून लाल कसं होईल?" तिचं तरी डोकं चाललं.

मी सरळ गेले आणि म्हटलं, "भावजी, उद्या कामावर जायचं नाही, दवाखान्यात जायचं."

"वहिनी, दुखत नाही हो काही."

"दुखत नाही म्हणूनच."

"उद्या मोठा लॉट आहे."

"लॉटला सांगा, वाळू दे."

आले मुकाट्यानं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, काम काय करता? भावजींनी हात पुढे केले. डॉक्टर हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, पूर्वी काही रंग असे होते की जे ह्या रोगाला निमंत्रण देतात, ते आता बंद झाले, पण तुम्ही त्यात वर्षं काढलीत. सिगारेट? भावजींनी मान खाली घातली. तीही होती. मग दुर्बिणीनं आत बघितलं, लघवीच्या पिशवीत गाठ निघाली, ती खरवडून काढली. नाव सांगितलं. कॅन्सर. धाकटी तिथेच खाली बसली. त्या दिवसापासून दवाखान्याचा वास आला तरी तिला भोवळ यायची, म्हणून पुढे दर वेळी मीच बरोबर जात होते. मी अडाणी, मला पाट्या वाचता येत नाहीत, पण कुठल्या दाराशी कुठली बाई बसते हे एकदा बघितलं की विसरत नाही.

डॉक्टर म्हणाले, "गाठ रागीट जातीची आहे आणि आतल्या अस्तराखाली उतरलीय. खालच्या मांसापर्यंत गेल्याचं दिसत नाही. पुढे ही कशी वागेल, परत येईल का, खोल जाईल का, त्याचा अंदाज घ्यायला तुकड्यातली काही प्रथिनं रंगवून बघायला सांगतोय. आठवड्यानं, गुरुवारी या. मग सगळं मिळून पुढचं ठरवू."

भावजींचे कान एवढे झाले. कॅन्सर ऐकून जो माणूस भिंतीकडे बघत बसला होता, तो एकदम पुढे सरकला. "रंगवून? कोण रंगवतं? कशानं रंगवतं?"

डॉक्टर हसले. "खाली प्रयोगशाळा आहे. त्या बाई रंगवतात."

बुधवारी कसला तरी कागद द्यायला आम्ही गेलो होतो. भावजी कागद देऊन सरळ जिना उतरले ते प्रयोगशाळेच्या दाराशी. मी मागून धापा टाकत. दारात एक उंच डॉक्टरीणबाई, नाकावर चष्मा, डोक्यावर दुसरा चष्मा. आम्ही घरी त्यांना काचवाल्या बाई म्हणतो. ह्यांनी काही ओळखदेख नसताना विचारलं, "बाई, तुम्ही रंग कितीला चढवता? गरम की थंड?"

त्यांना राग यायला हवा होता. पण त्यांची नजर ह्यांच्या नखांवर गेली. "तुम्ही रंगकाम करता?"

"चाळीस वर्षं. शेड बघतो."

"मग या. तुमच्यासारखा पाहुणा रोज येत नाही." मला बाहेर बाकावर बसवलं आणि ह्यांना आत नेलं.

चांगला अर्धा तास. आतून ह्यांचाच आवाज. बाहेर आले ते असे फुललेले, विचारू नकोस! "वहिनी, काय कारागिरी आहे! केसाहून पातळ काप काढतात, काचेवर चिकटवतात. मग एक औषध असं, की हजार प्रथिनांत एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि त्याच जागी रंग चढतो. आपण दोन जातींचे धागे एकत्र विणलेल्या कापडात एकच धागा नाही का रंगवत? तस्संच! भिंगातून बघितलं मी. निळसर जमीन आणि तिच्यावर तपकिरी बुट्टी. आणि माझ्या काचेवर काय गडद बसलाय रंग, वहिनी! एक ठिपका सोडला नाही. फर्स्ट क्लास."

"म्हणजे चांगलंच ना?" मी विचारलं.

"चांगलं म्हणजे? असा भरीव रंग चढला की आम्ही डोळे मिटून पास करतो. दुसरी एक काच होती तीच जरा फिकी निघाली. मी सांगितलं बाईंना, ही परत बुडवा."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हणाल्या, उद्या डॉक्टर नीट समजावून सांगतील."

आता बघ. त्या बाईंनी तोंड का मिटून घेतलं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आयुष्यभर बायकांची तोंडं वाचत आले. पण मलाही तेच ऐकायचं होतं ना! येताना ह्यांनी मोठा केक घेतला. गल्लीत वाटला. धाकटीला सांगितलं, "पास झालो." ती रडता रडता हसली, मग आम्ही सगळेच. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवारी हे उठून कामावर.

मी म्हटलं, "अहो भावजी, आज डॉक्टरांनी बोलावलंय ना?"

"वहिनी, पास झालेला लॉट परत कुणी तपासतं का?"

मी गप्प बसले. ती माझी चूक, ही नीट लिही. त्यांची चूक रंगाची, माझी गप्प बसण्याची. तीन आठवडे गेले. रक्त थांबलेलं, भूक लागत होती, शिट्ट्या वाजवत घरी येत होते. कोण म्हणेल आजारी?

मग मला फोन आला. दवाखान्यात माझाच नंबर दिला होता. कारकून मुलगी म्हणाली, "तुमचे पेशंट आले नाहीत. डॉक्टर विचारतायत."

मी कुणाला बोलले नाही. दुपारी निघाले, आणि मोठ्या डॉक्टरांकडे न जाता आधी जिना उतरले. मला त्या बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी मला ओळखलं. स्टूल दिलं, पाणी दिलं. पाणी मी तसंच खाली ठेवलं.

मी म्हटलं, "बाई, मी शिकलेली नाही. मला मुलाला सांगतात तसं सांगा. त्यांची काच चांगली की वाईट?"

त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, ते रंग बघून एवढे खूश झाले की मला तिथल्या तिथे सांगवेना. वाटलं, उद्या डॉक्टर सांगणारच आहेत. ते येणारच नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

"ते राहू दे. काच."

"प्रथिन म्हणजे काय, माहितेय?"

"प्रोटीन ना? डाळीत असतं, अंड्यात असतं."

"तेच. पण शरीर स्वतःसुद्धा हजारो तऱ्हेची बनवतं आणि प्रत्येकाला कामाला लावतं. त्यातलं एक पहारेकरी असतं. पेशीत काही बिघडलं तर हटकायचं, आणि काम झालं की निघून जायचं. चांगला पहारेकरी मागे थांबत नाही, म्हणून चांगल्या जागी रंगच चढत नाही, काच फिकी दिसते. पण पहारेकरीच बिघडला तर तो काम करत नाही आणि जातही नाही. दारातच साचून राहतो. जितका साचेल तितका रंग गडद."

मी विचारलं, "आणि आमच्या भावजींची..."

"खूप गडद आहे, आजी."

"आणि दुसरी? फिकी?"

"तिथे उलटं असतं. ते प्रथिन पेशींना एकमेकींशी शिवून ठेवतं, शिवणीच्या दोऱ्यासारखं. तिथे गडद जाळी दिसायला हवी. त्यांची विरलीय. शिवण उसवली की पेशी सुटून खोल शिरायला मोकळ्या."

म्हणजे जी पास म्हणाले ती नापास, आणि जी परत बुडवा म्हणाले ती बुडवून गडद होणारी नव्हती. माणसाचं चाळीस वर्षांचं कसब आणि नेमकं इथे उलटं पडलं.

मी म्हटलं, "मग आता काय, जाणार का ते?"

"मी हात बघून भविष्य सांगत नाही. ज्यांच्या काचा अशा दिसतात, त्यांच्यात हा रोग परत यायची, आत शिरायची शक्यता जास्त असते, एवढंच मला ठाऊक. त्यांचं काय होईल ते काच सांगत नाही. एकट्या काचेवर कुणी ऑपरेशन ठरवतही नाही. गाठीची जात, खोली, वय, सगळं मिळून डॉक्टर बघतात. पण त्यांना इकडे आणा. तीन आठवडे गेलेत, आणखी नकोत."

घरी येताना मी दोन थांबे पुढे जाऊन उतरले. चित्त थाऱ्यावर नव्हतं. चालत मागे आले. कसं सांगायचं हेच घोळवत होते. रोग सांगायचं भय नव्हतं गं, तो त्यांना ठाऊकच होता. त्यांचा डोळा चुकला हे कसं सांगू? त्या माणसाकडे दुसरं होतं काय?

भावजी खिडकीशी बसून चिंध्या लावत होते. गडदाकडून फिक्याकडे, वहीत चिकटवायला. धाकटी आत बटाटे सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. पहारेकरी, दोरा, सगळं. मधे थांबले नाही, थांबले असते तर रडले असते.

ते चिंधीवर चिंधी ठेवत राहिले. मग हात थांबला. मी वाट बघत होते की आता ओरडतील, नाहीतर बाईंना नावं ठेवतील. मग म्हणाले, "त्यांच्याकडे नमुना होता का?"

"काय?"

"नमुना. गडद म्हणतात, फिका म्हणतात, कशाला लावून म्हणतात? मी त्या दिवशी विचारलंच नाही. नमुना न बघता पास करून आलो मी, वहिनी. मी!"

रोगाचं नाही, ह्याचं त्यांना लागलं. आतून सोलायचा आवाज बंद झाला होता. धाकटी दारात सुरी घेऊन उभी. म्हणाली, "उद्या मी पण येते. भोवळ आली तर येऊ दे. पडेन तिथेच, दवाखानाच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं. काचवाल्या बाईंना ह्यांनी नमस्कारही केला नाही, सरळ विचारलं, "बाई, तुमचा नमुना दाखवा."

बाईंनी सरळ कपाट उघडलं. एक पेटी काढली. म्हणाल्या, "दर वेळी रंगवताना पेशंटच्या काचेबरोबर ह्या दोन असतात. हा तुकडा गडद व्हायलाच हवा, आम्हाला आधीपासून माहीत आहे. आणि हा फिका राहायलाच हवा, तेही माहीत आहे. दोन्ही बरोबर उतरले तरच आम्ही पेशंटची काच वाचतो. नाहीतर सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून."

"सगळं टाकता?"

"सगळं."

"मालक ओरडत नाही?"

"ओरडतात."

भावजी भिंगाला डोळा लावून बसले. आधी गडद नमुना, मग फिका नमुना, मग स्वतःची काच. परत पहिल्यापासून. मग दुसऱ्या प्रथिनाच्या काचा, तशाच. मी आणि धाकटी एकमेकींचा हात धरून उभ्या. शेवटी चेहरा वर केला तर डोळ्याभोवती भिंगाचा गोल उमटलेला.

"रंगात चूक नाही," म्हणाले. "जुळतोय. माझाच गडद आहे." आणि बाईंकडे वळून, "तुम्ही कारखान्यात असता तर मी तुमच्या हाताखाली राहिलो असतो."

मग वर गेलो. मोठ्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, पिशवीत औषध सोडत राहायचं, दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघायचं, आणि गाठ खाली उतरणार नाही अशी आशा करायची. दुसरा, लघवीची पिशवीच काढून टाकायची, आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटावर बाहेरची पिशवी लावायची, कायमची. डॉक्टर म्हणाले, "काचा, जात, खोली, सगळं बघता माझा कल काढण्याकडे आहे. पण शरीर तुमचं आहे, जबरदस्ती नाही."

महिनाभरापूर्वी हाच माणूस पोटावर पिशवी नुसती ऐकून उठून गेला असता. इतका टापटिपीचा! हात रंगीत, पण सदऱ्याला डाग लागू द्यायचा नाही. म्हटलं, आता नाही म्हणणार. धाकटी त्यांच्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या पायाकडे बघत होती.

"काढा," भावजी म्हणाले.

"विचार करायला वेळ घ्या हवा तर."

"नमुन्याला लावून बघितलंय, डॉक्टर. वाळलेलं होतं. आता वेळ कशाला?"

ऑपरेशन सात तास चाललं. त्या सात तासांचं मी काही सांगत नाही, मला आठवतही नाही. धाकटीला भोवळ आली नाही एवढं आठवतं. मला आली. पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, काढलेल्या पिशवीत एका जागी रोग मांसात शिरायला लागला होता, दुर्बिणीला न दिसलेल्या कोपऱ्यात. नुकताच. बाहेर कुठे गेला नव्हता. मी काचवाल्या बाईंना जाऊन म्हटलं, तुमच्या काचेनं वाचवलं. त्या म्हणाल्या, "असं म्हणू नका आजी. काही जणांच्या काचा अशाच असतात आणि त्यांना काही होत नाही. काहींच्या चांगल्या असतात आणि होतं. आम्ही अजून शिकतोय." खोटं श्रेय घेतलं नाही. मला त्या तिथे जास्तच आवडल्या.

पिशवीची सवय लागायला वेळ लागला. पहिले दोन महिने घराबाहेर पडले नाहीत, कुणी आलं की चादर ओढून घ्यायचे. मग एक दिवस स्वयंपाकघरातून वाफेचा वास. बघते तर हे माझ्या मोठ्या पातेल्यात रंग उकळतायत! धाकटीनं पिशवीला घालायला पांढऱ्या कापडाच्या खोळी शिवल्या होत्या, त्या हे सदऱ्याच्या रंगाला जुळवून रंगवत होते. निळ्या सदऱ्याला निळी, राखाडीला राखाडी. माझं पातेलं कायमचं गेलं. वर मलाच म्हणतात, "वहिनी, मीठ संपलं घरातलं, आणायला सांगा." दवाखान्यातल्या नर्सनं ती खोळ बघितली आणि दुसऱ्या पेशंटांसाठी मागितल्या. आता दर महिन्याला गठ्ठा जातो. कोण कुठल्या रंगाचे कपडे घालतो, ते विचारून. एका म्हातारबाबांनी केशरी मागितली तर हे हरखून गेले. म्हणाले, "बघा, जगायची इच्छा आहे माणसाला."

आणि चावटपणा कमी झाला नाही. आम्ही गप्पा मारत बसलो आणि मी मधेच लघवीला उठले की म्हणतात, "निघाल्या? आमचं बरं आहे, बसल्या जागी."

अशी पाच वर्षं झाली. मागच्या महिन्यात पाच वर्षांची तपासणी होती. सगळं स्वच्छ. खाली उतरलो तर काचवाल्या बाई वाटच बघत होत्या. आता केस पिकलेत त्यांचे, चष्मे मात्र दोनच. म्हणाल्या, "तुमच्याकडे एक मागायचंय. आमचा गडद नमुना संपत आलाय. नवा हवा. तुमच्या त्या गाठीचा तुकडा आमच्याकडे मेणात जपलेला आहे, इतका एकसारखा रंग क्वचित चढतो. तुमची परवानगी असेल तर दर वेळी रंगवताना नमुना म्हणून तो ठेवू."

भावजी स्वतःच्या नखांकडे बघायला लागले. मला वाटलं, वाईट वाटलं की काय. ज्या तुकड्यानं जिवावर बेतलं, तोच.

मग म्हणाले, "किती वर्षं पुरेल?"

"केसाहून पातळ काप काढतो. बरीच वर्षं."

"मी गेल्यावरसुद्धा?"

"तुमच्या नंतरही."

"आणि तो बरोबर उतरला नाही तर सगळं टाकणार?"

"सगळं टाकणार. तुम्ही पास म्हणाल्याशिवाय एकही काच वाचणार नाही."

तुला सांगते, पगार वाढला तेव्हा हा माणूस असा हसला नव्हता, लेक झाली तेव्हाही नाही. सही ठोकली. खाली साक्षीदार हवा होता, म्हणून मी. मला सही कुठली यायला, बाईंनी जांभळ्या शाईची डबी पुढे केली, मी अंगठा उठवला. भावजींनी माझा हात उजेडाकडे नेला, अंगठा असा तिरका करून बघितला आणि नाक मुरडलं.

"कच्चा रंग. घरी पोचेपर्यंत जाईल."

चार दिवस गेला नाही. रोज सकाळी त्यांना चहा देताना मी कपाच्या आधी अंगठा पुढे करायची. "भावजी, कच्चा ना?"

"वाळलेला नव्हता हो तेव्हा," म्हणायचे, आणि चहा ओढून घ्यायचे.